खान्देशात बसून समुद्राचा अभ्यास: कोणता डेटाबेस कशाला वापरावा

चोपड्याच्या एका मुलीने विचारलंय: एम.एस्सी. प्राणिशास्त्राचं शेवटचं वर्ष आहे, प्रकल्प समुद्रावर करायचाय, हाताशी ना बोट ना जहाज, तर फुकट मिळणारी माहिती कुठे आहे? गाईड म्हणाले म्हणे, 'केळीवर कर काहीतरी.'

मी अमळनेरचा. पंधरा वर्षं याच कामात आहे आणि प्रत्यक्ष समुद्रावर काढलेले दिवस दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. त्यामुळे जमतं, एवढं पक्कं. मात्र डेटाबेसमधला आकडा कोणी आणि कशाने मोजला, हे आधी बघायची सवय लाव. मी ती लावली नव्हती, त्याची गोष्ट आधी ऐक.

पहिल्याच कामात मी नासाच्या ओशन कलर या संकेतस्थळावरून खंभातच्या आखाताचे क्लोरोफिलचे, म्हणजे शैवालातल्या हरितद्रव्याचे, नकाशे उतरवले. आखात लालभडक, म्हणजे क्लोरोफिल भरपूर! मी खूश. तापी-नर्मदेचं पाणी पोषक द्रव्यं घेऊन जातं, म्हणून तिथे सूक्ष्म शैवाल फोफावतं, अशी दोन पानं लिहूनही टाकली. चर्चासत्रात एका ज्येष्ठ बाईंनी एवढंच विचारलं, "हे शैवाल आहे की गाळ?" मी गप्प. उपग्रह क्लोरोफिल मोजत नाही, तो पाण्याचा रंग बघतो. परत येणाऱ्या प्रकाशात निळा किती आणि हिरवा किती, यावरून क्लोरोफिलचा अंदाज बांधतो. नेहमीचं सूत्र खोल, स्वच्छ समुद्रासाठी बसवलेलं आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटी प्रचंड, तळ सतत ढवळलेला, वर नद्यांचा गाळ. तिथे सूत्र गाळालाच शैवाल समजतं. भुसावळच्या पुलावरून पावसाळ्यातली तापी लहानपणापासून बघितलेल्या माणसाला हे आपणहून सुचायला हवं होतं. तेव्हा किनाऱ्यालगतचं क्लोरोफिल या वर्षी तरी हातात घेऊ नकोस. खोल अरबी समुद्र घेतलास तर हरकत नाही.

आता तुझ्या विषयाचं. प्राणिशास्त्र आहे तर एक मासा धर. बोंबील घे, आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या पाटीत हमखास भेटणारा. पहिलं काम नावाचं. वर्म्स म्हणून सागरी प्रजातींची जागतिक नोंदवही आहे, तिथे बोंबलाचं शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरेअस टाक. मान्य नाव, जुनी नावं आणि अ‍ॅफिया आयडी नावाचा एक क्रमांक मिळेल; तो वहीत लिहून ठेव. नावाची एवढी काळजी का, ते हिलशावरून कळेल. जुन्या अहवालांत तो हिल्सा इलिशा आहे, आज टेनुअलोसा इलिशा. एकच नाव शोधलंस तर निम्मं साहित्य हातातून जातं. मग फिशबेस या माशांच्या डेटाबेसवर जा: लांबी, खाद्य, वाढीचे आकडे तिथे मिळतील. पण तिथला प्रत्येक आकडा कुठल्या तरी मूळ निबंधातून आलेला असतो, तो निबंध उघडून बघ.

मासा कुठे सापडला याच्या नोंदी ओबिस या डेटाबेसमध्ये आहेत. 'सेन्सस ऑफ मरीन लाइफ' या मोठ्या प्रकल्पातून ही व्यवस्था उभी राहिली, आज ती युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाकडे आहे. नोंदींची फाइल एक्सेलमध्ये उघडते, हे आपल्यासाठी बरं. पण दोन गोष्टी सांभाळ. नकाशावर ठिपका नाही, म्हणजे तिथे मासा नाही असं नसतं. बहुतेक वेळा तिथे कोणी जाळं टाकून नोंद केलेली नसते. आणि अक्षांश-रेखांशाचे रकाने तपास. मी एकदा स्वतःच ते उलटे चिकटवले आणि मुंबईचा बोंबील नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहराच्या उत्तरेला समुद्रात पोचला. मुंबईचे १८.९ आणि ७२.८ उलटे केलेस की बरोबर तिथेच ठिपका पडतो. शून्य-शून्यवर दिसणाऱ्या नोंदी तर काढूनच टाक, ती जागा आफ्रिकेजवळ भर समुद्रात आहे.

किती मासळी उतरली याचे आकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे, म्हणजे सीएमएफआरआयचे. संस्थेचं ई-प्रिंट भांडार सगळ्यांना खुलं आहे, वार्षिक अहवाल आणि जुने शोधनिबंध तिथे सापडतील. हे आकडे नमुना पद्धतीने काढलेले अंदाज आहेत, आणि तेही बंदरावर उतरलेल्या मासळीचे. बोटी वाढल्या, इंजिनं मोठी झाली, तरी आकडा वाढतो. 'समुद्रात बोंबील वाढला' असं त्यावरून लिहू नकोस.

याला जोड म्हणून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान घे. अमेरिकेच्या नोआ संस्थेची ओआयएसएसटी मालिका सप्टेंबर १९८१ पासून रोजची आहे. नोआच्या ईआरडीडीएपी सर्व्हरवर हवा तो चौकोन आणि हव्या त्या तारखा टाकल्या की तेवढाच तुकडा सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये, उतरतो. पूर्ण फाइल ओढत बसू नकोस, वसतिगृहाच्या वायफायवर रात्र जाईल.

आर्गोचं नाव सगळे सांगतील. सुमारे चार हजार तरंगती यंत्रं, १००० मीटर खोलीवर वाहत राहतात, दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत जाऊन वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात. सुंदर माहिती आहे, हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राकडूनही मिळते. पण बोंबील राहतो उथळ पाण्यात, तुला तिचा उपयोग नाही. तुझा वर्गमित्र भौतिकशास्त्राचा असेल तर त्याला दे, आणि आकडा विश्वासाचा आहे का ते सांगणारे गुणवत्तेचे खुणांक बघितल्याशिवाय एकही आकडा वापरू नको म्हणून सांग. समुद्रपातळीसाठी लिव्हरपूलची पीएसएमएसएल, म्हणजे जगभरच्या समुद्रपातळीच्या नोंदी ठेवणारी संस्था. मुंबईच्या अपोलो बंदराची नोंद तिथे १८७८ पासून आहे.

शोधनिबंध विकत घेऊ नकोस. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं भांडार आणि प्रबंधांसाठी शोधगंगा, दोन्ही फुकट. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून सरकारी विद्यापीठांना 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधून हजारो नियतकालिकं खुली झाली आहेत. कॉलेजात चालत नसेल तर जळगावला विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक दिवस जाऊन ये, ग्रंथपालांना या योजनेचं नाव घेऊन विचार.

एक राहिलं. ओबिसमधून जी फाइल उतरवशील तिच्या नावातच तारीख घाल. तिथे नोंदींची भर पडत असते. मी प्रकल्प जमा करायच्या आदल्या आठवड्यात फाइल पुन्हा उतरवली, नोंदींची संख्या बदलली आणि चार तक्ते नव्याने करावे लागले.