रॉक आणि ऑपेरा यांचं खरंच जमतं का? ऐकायचं तर काय ऐकावं?

जमतं, पण मोजक्याच ठिकाणी. गिटारच्या गदारोळामागे एखादी सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी ऑपेरा गायिका) लांब तान घेतेय, एवढ्याने मेळ होत नाही. ती नुसती झालर. 'रॉक ऑपेरा' म्हणतात तो प्रकारही वेगळा. त्यात गोष्ट गाण्यांतून उलगडते, गळे मात्र बहुतेक रॉकचेच असतात.

अडचण गायकीतच आहे. ऑपेराचा गायक माइकशिवाय अख्ख्या वाद्यवृंदावर आवाज चढवायला शिकलेला असतो. रॉकवाल्याची सगळी करामत माइकच्या जवळची: खरखर, कुजबुज, अगदी श्वाससुद्धा. शेजारी उभे केले की एक जण दुसऱ्याला खाऊन टाकतो.

म्हणून आधी क्वीन या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आणि स्पॅनिश सोप्रानो मोन्सेरात काबाये यांचा १९८८चा 'बार्सिलोना' अल्बम ऐका. शीर्षकगीत भव्य आहेच, पण माझ्या मते खरा ऐवज म्हणजे त्यातलं 'एन्सुएन्यो' हे गाणं. ही चाल मर्क्युरीने आधी एकट्याने, शब्दांविना, फॉल्सेटोमध्ये (पुरुषाच्या नेहमीच्या आवाजापेक्षा वरच्या, पातळ आवाजात) गायली होती. काबायेंना ती एवढी भावली की १९८७ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये ती स्वतः गायली. पियानोवर माइक मोरान, म्हणजे या अल्बमचा सहसंगीतकार. अल्बममध्ये चालीला स्पॅनिश शब्द मिळाले. आणि तिथे मर्क्युरी चक्क खाली उतरून भरदार बॅरिटोन (पुरुषाच्या मधल्या पट्टीच्या) आवाजात गातो. क्वीनच्या गाण्यांत त्याचा हा गळा फारसा कानावर पडत नाही. वरची जागा काबायेंसाठी मोकळी, त्यामुळे कुणालाच ओरडावं लागत नाही.

मूळ अल्बममधला बराचसा वाद्यवृंद सिंथेसायझरचा आहे आणि तो आता जरा पातळ वाटतो. २०१२च्या आवृत्तीत त्याजागी खरा ऑर्केस्ट्रा आहे. मी तीच घेईन.

दुसरं, १९९५चं 'मिस सारायेव्हो': पॅसेंजर्स (म्हणजे यू टू हा रॉक बँड आणि संगीतकार ब्रायन इनो) आणि ऑपेराचे इटालियन गायक पावारोत्ती. इथे तडजोड वेगळी. यू टूचा गायक बोनो जवळजवळ बोलल्यासारखा, दबक्या आवाजात गात राहतो. मग गाणं बरंच पुढे गेल्यावर पावारोत्ती इटालियनमध्ये येतात आणि अवकाशच बदलतो. बोस्नियाच्या युद्धात वेढ्यात अडकलेल्या सारायेव्हो शहरातल्या सौंदर्यस्पर्धेवरचं गाणं आहे, त्यामुळे तो आवाज दिखाऊ वाटत नाही.

मेटल चालत असेल तर फिनलंडच्या नाइटविश या बँडचे, ऑपेराच्या ढंगाने गाणारी तार्या टुरुनेन त्यात असतानाचे, म्हणजे २००५पर्यंतचे अल्बम बघा. पण एका बैठकीत दोन-तीनच गाणी घ्या. सगळंच टिपेला असतं, कान थकतात.