नंबर मोठा, सूत बारीक

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घराखालीच टॉवेलचे चार माग आहेत. मुलगा नववीत आहे. बस म्हटल्याशिवाय अभ्यासाला बसत नाही, बसला तरी तासभर तेच पान. ह्यांनी त्याला सांगितलंय, 80 टक्के पाडलेस तर मोबाईल. आठ दिवस जोरात चाललं, मग पुन्हा पहिले पाढे. शाळेतून आला की दप्तर टाकून खाली जॉबरच्या, म्हणजे माग नीट करणाऱ्या कारागिराच्या, मागे मागे. ‘खाली काय करालास रे?’ म्हणून ओरडले की वर येतो. परवा मी भाकऱ्या करत होते, तर येऊन विचारतो, ‘20 नंबरच्या सुतापेक्षा 40 नंबरचं बारीक कसं? नंबर तर मोठाय की.’ मी म्हटलं, आधी गणिताचा गृहपाठ कर. पुढच्या वर्षी दहावी आहे. काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा भाकऱ्यांपाशी अडखळले. अहो, तो गणितच करत होता!

मी 31 वर्षं गणित शिकवलं. वडील मिलमध्ये होते, घरात सुताच्या गोष्टी रोजच्या, पण हा प्रश्न मला त्या वयात कधी पडला नाही. उत्तर तुमच्यापुरतं सांगते. एका पौंडात 840 वारांच्या जितक्या लडी बसतात, तो त्या सुताचा नंबर. म्हणजे 20 नंबरचं एक पौंड सूत 16,800 वार भरतं आणि 40 नंबरचं 33,600 वार. वजन तेवढंच, लांबी दुप्पट, मग सूत बारीक होणारच. पण जाडी निम्मी होत नाही बरं का. ती साधारण 0.7 पट होते, कारण तिथे 2 चं वर्गमूळ येतं. नववीच्या पुस्तकात ‘करणी’ म्हणून जिला मुलं घाबरतात, तीच ही. तुमच्या घराखाली बॉबिनवर गुंडाळलेली आहे.

आता हे त्याला सांगायला धावू नका. ‘तुला काय वाटतं?’ एवढंच विचारा आणि भाकरी थापत राहा. चुकीचं काही बोलला तरी थापत राहा. खाली वजनकाटा आहे, सूत आहे, जॉबर आहे. त्याला चार दिवस लागू देत.

इतकं बजावून सांगतेय, कारण मी स्वतः माती खाल्ली आहे. माझी मुलगी आठवीत असताना रविवारी सकाळी कंबर तलावावर पक्षी बघायला जायची. मला वाटलं, वा, आयतं विज्ञान! मी वही आणली, रकाने आखले : तारीख, पक्षी, संख्या, चोचीचा आकार. वही भरली की नवी सायकल, असंही ठरलं. दोन महिन्यांत तिनं तलावावर जाणं सोडलं. वही अजून माळ्यावर आहे, नऊ पानं भरलेली.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेत 1973 साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर असाच प्रयोग केला होता. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता मागाहून दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत स्केचपेनं मोकळी ठेवली, तेव्हा ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रात रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे नुकसान केलं ते बक्षिसापेक्षा सौद्यानं. माझ्या सायकलीनं हेच केलं.

म्हणून मोबाईलचं : शब्द दिलाय तर मोडू नका. बापाचा शब्द आहे. पण रोज त्याची आठवण काढू नका आणि नवा सौदा करू नका.

उद्या एक करा. ‘अभ्यास झाला का?’ असं तुम्ही दोघं दिवसभरात जितक्यांदा विचाराल, तितक्या खडूच्या रेघा फडताळावर ओढा. रात्री मोजा. मग त्याच्याशी वाटणी करा : कोणता विषय, किती वाजता, हे तो ठरवणार. रात्री दहानंतर सगळे फोन स्वयंपाकघरात, हे तुम्ही ठरवणार, आणि त्यात तुमचे दोघांचेही आले. पहिले पंधरा दिवस तो काहीच करणार नाही. तुमचा जीव खालीवर होईल. होऊ दे, नववीत हे परवडतं. दहावीच्या फेब्रुवारीत हाच सल्ला मी दिला नसता.

ह्यांना सांगा, मागावर त्याला कामाला जुंपायचं नाही. पण पुढची ऑर्डर आली की अमुक डझन टॉवेलांना सूत किती लागेल, वाया किती जाईल, हा हिशेब त्याच्याकडून एकदा मांडून घ्या. ऑर्डर पुरी झाली की खरं वजन त्याच्या आकड्याशेजारी लिहा. हसू मात्र नका. चुलतभावाचे टक्के तर त्या दिवशी अजिबात काढू नका.

यानं त्याला हिंदीचं व्याकरण आवडायला लागेल, असं मी म्हणणार नाही. तिथे कंटाळा येतो हे मान्य करून रोज अर्धा तास, बस्स.

प्रश्न : मी दहावीत आहे. रात्री एक वाजेपर्यंत तेच तेच वाचते, तरी विसरते. पहाटे पाणी येतं त्या दिवशी भरायला मीच उठते. मग शाळेत झोप येते. माझी बुद्धीच कमी आहे का?

उत्तर : नाही ग बाळ. वाचत राहिलं की येतंय असं वाटतं, तीच फसगत. 2006 साली रोएडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी वाचून, कागद बाजूला ठेवून, आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं लिहिणारे पुढे गेले. तू एकदा वाच, पुस्तक मीट, पाठकोऱ्या कागदावर लिही, मग राहिलेलं बघ. आणि साडेदहाला दिवा बंद. पाण्याच्या आदल्या रात्री तर दहालाच. हंडे भरायची पाळी भावालाही लाव, मी सांगितलंय म्हण.