फ्लॅट घ्या, पण मुलांचा हक्क लिहून देऊ नका

प्रश्न: आमच्या लग्नाला १३ वर्षं झाली. गेले १४ महिने आम्ही वेगळे राहतो. भांडण नाही, पोलीस नाही, एकमेकांशी नीट बोलतो. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची, दोघंही माझ्याजवळ असतात. मी अर्धवेळ नोकरी करते. राहता फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. त्यावर २२ लाखांचं कर्ज शिल्लक आहे, हप्ता ते भरतात. त्यांचा प्रस्ताव असा: ‘फ्लॅट तुझ्या नावावर करून देतो, त्याबदल्यात तू स्वतःसाठी आणि मुलांसाठी पुढे काहीही मागणार नाहीस असं लिहून दे. एकच वकील करू, दोन-तीन महिन्यांत मोकळे होऊ.’ मला हे पटतंय. सही करू का?

उत्तर: या मसुद्यावर नको. तुमच्या दोघांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण यातलं एक कलम कायद्यात टिकणारं नाही आणि दुसऱ्यात बँकेला विचारलेलंच नाही.

आधी मुदतीचं बघू. तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालंय असं धरतो. विशेष विवाह कायद्याखाली असेल तर कलम २८ लागेल, पण वाट जवळपास हीच. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी, म्हणजे कलम १३-ब साठी, अर्जापूर्वी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. ते तुमचं झालंय. अर्ज दाखल केल्यावर सहा महिने थांबायचं आणि अर्जापासून १८ महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टापुढे येऊन संमती कायम असल्याचं सांगायचं. हे सहा महिने माफ होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या खटल्यात तसं स्पष्ट केलं. मात्र तिथे न्यायालयाने काही गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: वेगळं राहून एकूण दीड वर्ष झालंय का, समेटाचे प्रयत्न संपलेत का, पोटगी आणि मुलांच्या ताब्याचं सगळं खरोखर मिटलंय का. तुमचे १४ महिनेच झालेत. त्यामुळे माफी मिळेलच असं धरून चालू नका. माझा सल्ला असा की मसुदा पक्का होताच अर्ज टाका. माफी मिळाली तर उत्तम, नाहीतर मध्ये मिळणारा वेळ बँकेच्या कामाला लागेलच.

आता मुलांचं. तुम्ही तुमची स्वतःची पोटगी एकरकमी घेऊ शकता, कमी घेऊ शकता, तडजोडीत सोडूही शकता. मुलांची पोटगी सोडणं तुमच्या हातात नाही, कारण तो हक्क त्यांचा आहे. आईने ‘मुलांसाठी काही मागणार नाही’ असं लिहून दिलं तरी मुलं उद्या वडिलांकडे मागू शकतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ नुसार मुलांच्या ताब्याचे, खर्चाचे आणि शिक्षणाचे हुकूम कोर्ट घटस्फोटानंतरही बदलू शकतं. हे तुमच्या पतींनाही नीट समजावून सांगा. ‘पुढे काही मागणार नाही’ या अटीने आपण कायमचे सुटलो असं त्यांना वाटत असेल, तर ती सुटका कागदावरचीच आहे. आणि दोन्ही मुलांची सोय न पाहता कोर्ट असा मसुदा डोळे मिटून मंजूर करेल, अशी आशाही ठेवू नका.

तेव्हा मुलांचा आकडा वेगळा काढा. आज शाळेची फी, बस, शिकवणी, कपडे, डॉक्टर यांवर नेमकं काय जातं ते मागच्या वर्षाच्या बँक स्टेटमेंटवरून उतरवून काढा. अंदाजपंचे नको. मग मसुद्यात लिहा: दरमहा किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, दर वर्षी किती टक्के वाढ, उशीर झाला तर व्याज किती. ‘वडील मुलांच्या शिक्षणाचा योग्य तो खर्च करतील’ अशी गोड वाक्यं मी कितीतरी मसुद्यांत वाचलीत. अशा वाक्यावरून वसुली करता येत नाही, कारण ‘योग्य’ म्हणजे किती यावरच पुढचा दावा उभा राहतो. शाळेची फी थेट शाळेत भरायची असं ठरवलं तर सगळ्यात कमी कटकट. बारावीनंतरच्या शिक्षणाचा वाटा आत्ताच टक्क्यांत ठरवा. मुलगा ११ वर्षांचा आहे, सात वर्षं पाहता पाहता जातात. मुलगा सज्ञान झाला की त्याच्या पोटगीची बाजू कायद्यात कमकुवत होते आणि नेमका तेव्हाच कॉलेजचा खर्च सुरू होतो. म्हणून हे कलम ऐच्छिक कबुली म्हणून स्पष्ट शब्दांत यायला हवं. अविवाहित मुलीची बाजू १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्यात अधिक भक्कम आहे.

एक प्रश्न बहुतेक जोडपी विचारायचं विसरतात: दरमहा पैसे देणारा माणूसच गेला तर? १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा जुना आहे, पण इथे फार उपयोगी पडतो. त्याखाली पतीने मुलांच्या लाभासाठी विमा घेतला तर ती रक्कम मुलांसाठी राखलेला विश्वस्त निधी ठरते आणि पतीच्या सावकारांना तिला हात लावता येत नाही. अशी टर्म पॉलिसी घटस्फोटाच्या आधी, लाभार्थी म्हणून फक्त मुलांची नावं घालून घ्यायला सांगा आणि विम्याचा हप्ता कोण भरणार ते मसुद्यात लिहा.

फ्लॅटकडे वळू. घटस्फोटाचा हुकूमनामा बँकेला बांधत नाही. कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या आहेत, म्हणून बँकेसाठी दोघंही संपूर्ण २२ लाखांचे देणेकरी राहतात. तुमच्या अर्धवेळ पगारावर बँक कर्ज एकटीच्या नावावर करून त्यांना मोकळं करेल का, हे सही करण्याआधी लेखी विचारा. ‘नाही’ असं उत्तर आलं तर तीन वाटा उरतात. त्यांनी कर्ज फेडून फ्लॅट द्यावा. किंवा हप्ता तेच भरत राहतील, आणि ती रक्कम मुलांच्या पोटगीत मोजली जाणार नाही, असं मसुद्यात यावं. किंवा फ्लॅट विकून, कर्ज वजा करून उरेल ते वाटून घ्यावं. तिसरी वाट भावनिकदृष्ट्या जड जाते, पण तुमच्या उत्पन्नात मला तीच सगळ्यात सुरक्षित वाटते. हप्ता थकला तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत, दोघांचा बिघडतो. आणि फ्लॅटच्या भिंती दर महिन्याला शाळेची फी भरत नाहीत.

फ्लॅट तुमच्याच नावावर करायचा ठरला तर कागद केव्हा करायचा याला फार महत्त्व आहे. महाराष्ट्रात पती-पत्नीमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. हुकूमनाम्यानंतर तुम्ही कायद्याने परके होता, सवलत जाते. पण ‘पोटगीच्या बदल्यात’ असा मोबदला दस्तात आला तर ते बक्षीस राहत नाही, म्हणून दस्ताची भाषा नोंदणीचं काम नेहमी करणाऱ्या वकिलाकडूनच ठरवून घ्या. आयकरातही वेळेचा फरक पडतो: पती-पत्नी असताना मिळालेल्या भेटीवर कर लागत नाही, आणि वेगळं राहण्याच्या करारापोटी दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात धरलं जात नाही. तुमच्या पतींना साहजिकच भीती वाटेल की फ्लॅट आधी दिला आणि तुम्ही नंतर संमती मागे घेतली तर? ही भीती खोटी नाही. सुरेष्टा देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच म्हटलंय की हुकूमनाम्यापर्यंत संमती टिकायला हवी. म्हणून दस्त कोर्टाच्या दुसऱ्या तारखेच्या, म्हणजे संमती कायम असल्याचं सांगायच्या दिवसाच्या, अगदी तोंडावर करावा. रोख रक्कम असेल तर थोडी अर्जाच्या वेळी, उरलेली शेवटच्या तारखेला कोर्टापुढे डिमांड ड्राफ्टने द्यावी.

तुम्हाला स्वतःसाठी एकरकमी पोटगी मिळणार असेल तर ती सामान्यतः करपात्र उत्पन्न धरली जात नाही. दरमहा मिळणारी मात्र धरली जाते. तुमचे दागिने हे स्त्रीधन आहे. ते वाटणीत यायला नकोत, पण कोणाच्या लॉकरमध्ये काय आहे त्याची यादी जोडा.

काही बारीक गोष्टी आहेत, त्या चुकल्या की महागात जातात. घटस्फोट झाला म्हणून पीएफ, विमा, डीमॅट यांवरचं नामांकन आपोआप बदलत नाही. तुम्ही त्यांच्या कंपनीच्या आरोग्य विम्यातून बाहेर पडाल, मुलं राहू शकतात. त्यामुळे स्वतःची पॉलिसी हुकूमनाम्याआधी घ्या. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो. मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी खातं असेल आणि पालक म्हणून वडिलांचं नाव असेल, तर ते पैसे तिच्या कामाशिवाय काढायचे नाहीत असं लिहून घ्या. मुलांच्या नावच्या ठेवींचं व्याज, घटस्फोटानंतर, मुलांचा सांभाळ करणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात मिळवलं जातं, म्हणजे बहुधा तुमच्या.

एकच वकील करायचा असेल तर संयुक्त अर्जाचं काम तो करू दे. पण समझोत्याचा मसुदा, सही करण्याआधी, दोघांनी आपापल्या वेगळ्या वकिलाकडून वाचून घ्यावा. परस्पर संमतीच्या हुकूमनाम्यावर कुटुंब न्यायालय कायद्याप्रमाणे अपील नसतं.