संचित वारंवारतेचा आलेख काढताना बिंदू वर्गाच्या मध्यावर घ्यायचा की शेवटी? आणि त्यावरून मध्यक कसा वाचायचा?

शेवटी, म्हणजे वर्गाच्या वरच्या मर्यादेवर. कारण बघा, समजा ४० मुलांचे मार्क आहेत, ०-१० मध्ये ४, १०-२० मध्ये ८, २०-३० मध्ये १४, ३०-४० मध्ये १० आणि ४०-५० मध्ये ४, तर बेरीज करत गेलं की ४, १२, २६, ३६, ४० येतं (हीच संचित वारंवारता), आणि यातला १२ म्हणजे २० पेक्षा कमी मार्कवाले १२, मग तो २० वरच मांडायला हवा ना, १५ वर मांडला तर अख्खा आलेख डावीकडे सरकतो आणि सगळी उत्तरं चुकतात.

मध्यक म्हणजे ज्या मार्कांच्या खाली निम्मी मुलं येतात ते, म्हणून ४० चे निम्मे २०. उभ्या अक्षावर २० पासून आडवी रेघ, वक्राला लागली की सरळ खाली, साधारण २५.७ येईल. सूत्रानेही तेवढंच येतं, करून बघाच.

पण फक्त मध्यक काढून थांबू नका प्लीज, खरी मजा पुढे आहे. आडव्या अक्षावरच्या ३५ मार्कांवरून वर वक्रापर्यंत गेलात की उभ्या अक्षावर ३१ च्या आसपास मिळतं, म्हणजे ३५ च्या वर अंदाजे ९ मुलं. अंदाजेच, कारण गटात टाकल्यावर प्रत्येकाचे नेमके मार्क कळत नाहीत. आणि वक्र जिथे जास्त उभा चढतो (इथे २०-३०) तिथे गर्दी जास्त.