पतंगाचं उडणं बघायला लागलायस तर आधी एवढंच कर

होय भावा, दिव्यावर येणारे पतंग, म्हणजे किडे, कसे उडतात ते शिकायला सुरुवात कुठनं करू म्हणून विचारलंस. बेळगावकडच्या रानात, खानापूर-जांबोटीकडं राहतोस म्हणजे पतंग मिळायची चिंताच नाही की. आधी गणितात घुसू नको, बघायला शिक.

पहिली चूक सगळेच करतात, मीपण केली, अंगणातल्या बल्बभोवतीचे व्हिडिओ काढायचे. तिथं पतंग पाठ उजेडाकडं वळवतो नि तिरका होऊन गरगरत राहतो, ते त्याचं नेहमीचं उडणं नव्हेच. कण्हेर नाहीतर तगरीवर हिरवा जाड सुरवंट सापडला तर डब्यात पाळ, पतंग झाला की तिन्हीसांजेला फुलापुढं सोड. उडायच्या आधी थरथरतो तेव्हा हात लावू नको, अंग तापवत असतोय तो.

दुसरी चूक, विमानाचा पंख डोक्यात ठेवणं. इथं पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा भोवरा धरून राहतो, लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, बरीचशी त्यातनं. आणि एका जागी तरंगताना शरीर आपोआप स्थिर नसतंय, सारखं सावरावं लागतं. अंग वळलेलं त्याला डोक्यावरच्या मिशांच्या बुडातनं कळतं, म्हणून मिशा जप.

मोबाईलला सेकंदाला 240 फ्रेमचा (240 चित्रांचा) स्लो मोशन पुरे, फुलापुढं तरंगणारे असले मोठे पतंग सेकंदाला साधारण 25 वेळा पंख मारतात, म्हणजे एका फडफडीला नऊ-दहा फ्रेम मिळतात. समीकरणं नंतर बघू, पावसाळाभर एवढं कर.