अमेरिकेत डाव्या विचारांच्या मतदाराने तिसऱ्या पक्षाला मत का द्यावं? ते मत फुकट जात नाही का?

तुम्ही लिहिलंय की डेमोक्रॅट्स फारच मवाळ वाटतात पण ग्रीन पार्टीसारख्या छोट्या पक्षांना मत दिलं की फायदा रिपब्लिकनांचाच, मग करायचं काय. तुमची भीती खोटी नाही. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात रिपब्लिकन बुश फक्त ५३७ मतांनी पुढे राहिले, त्याच राज्यात ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांच्या वर मतं पडली होती, आणि फ्लोरिडा गेलं म्हणून डेमोक्रॅट अल गोर यांचं अध्यक्षपद गेलं. नेडरचे सगळे मतदार काही गोरकडे वळले नसते, बरेचसे घरीच बसले असते, पण ५३७ ची तूट भरायला त्यातले थोडे पुरले असते हे मान्यच करायला हवं.

पण म्हणून प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक निवडणुकीत फ्लोरिडाचाच हिशोब लावायचा, हे मला अजिबात पटत नाही.

अध्यक्ष निवडताना देशभरातली मतं एकत्र मोजत नाहीत. एकूण ५३८ इलेक्टर (अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी), २७० ला बहुमत, आणि मेन व नेब्रास्का सोडलं तर ज्याला राज्यात सगळ्यात जास्त मतं त्यालाच त्या राज्याचे सगळे इलेक्टर. म्हणजे कॅलिफोर्नियात उमेदवार एका मताने जिंकला काय नि ५० लाखांनी जिंकला काय, हातात पडतं तेवढंच. २०२० ला बायडन तिथे खरंच ५० लाखांहून जास्त मतांनी जिंकले. माझी चुलतबहीण तिथली मतदार आहे, सगळ्यांना सरकारी आरोग्यविमा मिळावा म्हणून वर्षानुवर्षं भांडणारी, आणि दर चार वर्षांनी मनाविरुद्ध डेमोक्रॅटलाच मत देते. मी तिला हेच सांगतो की बाई, तुझ्या मताने निकाल तसूभर हलत नाही, उलट पक्षाला वाटतं की तू खूश आहेस.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. ज्याचं मत गृहीत धरलंय त्याची मागणी कुठलाच पक्ष मनावर घेत नाही, तो कुंपणावरच्या मतदाराच्या मागे धावतो आणि तुम्हाला सांगतो की समोरचा किती वाईट आहे बघा. ते खरंही असतं, पण आरोग्यविमा राहतो तिथेच. तुमचं मत दुसरीकडे जाऊ शकतं हे आकड्यात दिसलं तरच काहीतरी हलतं. शिवाय देशभरात ५ टक्के मतं मिळाली की त्या पक्षाला पुढच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी सरकारी निधी मिळतो (नेडर यांचं लक्ष्य तेच होतं, पावणेतीन टक्क्यांच्या आसपास अडकले), आणि बऱ्याच राज्यांत मतपत्रिकेवर नाव टिकवायलाही ठराविक मतं लागतात, नाहीतर पुन्हा दारोदार सह्या गोळा करत फिरा. तेव्हा कॅलिफोर्नियासारख्या सुरक्षित, म्हणजे निकाल आधीच ठरलेल्या राज्यातलं मत फुकट जातं असं कसं म्हणायचं?

जुनं उदाहरण घ्या. १९१२ ला सोशलिस्ट पार्टीच्या यूजीन डेब्स यांना जेमतेम ६ टक्के मतं पडली, एकही राज्य हाती लागलं नाही. पण बायकांना मताधिकार, बालमजुरीवर बंदी, बेरोजगारी विमा हे सगळं त्यांच्या जाहीरनाम्यात होतं आणि पुढच्या २५-३० वर्षांत मोठ्या पक्षांच्याच सरकारांच्या काळात त्याचे कायदे झाले. सगळं श्रेय डेब्स यांचं नाही, चळवळी खूप होत्या, पण त्या ६ टक्क्यांची धास्ती नक्कीच होती.

आणि खरं काम होतं ते खालच्या पातळीवर. १९८१ मध्ये बर्नी सँडर्स अपक्ष म्हणून व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनचे महापौर झाले, जुन्या डेमोक्रॅट महापौराला अवघ्या १० मतांनी हरवून. आपल्या पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत २०१३ ला सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेत निवडून आल्या. तिथे पक्षाच्या नावावर निवडणूक होत नाही, पण त्या उघडपणे समाजवादी म्हणून लढल्या आणि प्रचार तासाला १५ डॉलर किमान वेतनाचा, देशाचा दर तेव्हा ७.२५ होता (अजूनही तोच आहे, ही शरमेची गोष्ट आहे). पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, परिषदेने टप्प्याटप्प्याने १५ डॉलरचा कायदा मंजूर केला. २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारं सिअ‍ॅटल अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं, तो प्रस्तावही त्यांचाच. एवढ्या एका जागेने इतकं झालं!

न्यूयॉर्कमध्ये तर मत फुटण्याची भीतीच बरीच कमी केलीय. तिथे एकाच उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर दोन पक्षांखाली छापतात. २०२५ च्या महापौर निवडणुकीत ममदानी यांचं नाव डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओळीत होतं आणि वर्किंग फॅमिलीज पार्टी या छोट्या डाव्या पक्षाच्या ओळीतही, कुठल्याही ओळीत खूण करा, मतं एकत्र जोडली जातात पण कुठल्या ओळीत किती पडली ते वेगळं दिसतं. मेनमध्ये २०१० ला जेमतेम ३८ टक्के मतांवर पॉल लपाज गव्हर्नर झाले, लोक वैतागले आणि २०१६ ला सार्वमताने पसंतीक्रमाची पद्धत आणली, त्यात पहिली पसंती छोट्या उमेदवाराला दिली तरी तो बाद झाल्यावर तुमचं मत दुसऱ्या पसंतीकडे जातं. २०१८ ला तिथे काँग्रेसची (म्हणजे अमेरिकी संसदेची) एक जागा अशीच फिरली, पहिल्या फेरीत मागे असलेले डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन दुसऱ्या पसंतीच्या मतांवर जिंकले. ही पद्धत आपल्या राज्यात यावी म्हणून झटणं हेही तिसऱ्या पक्षाचंच काम आहे.

तुम्ही विस्कॉन्सिनसारख्या राज्यात असाल, जिथे गेल्या तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांचा निकाल ३० हजारांच्या आतल्या फरकाने लागला, तर अध्यक्षपदासाठी मी डेमोक्रॅटलाच मत द्या म्हणेन. पण त्याच मतपत्रिकेवर खाली काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), राज्य विधिमंडळ वगैरे असतं, तिथे सहसा कोणी लक्षही देत नाही, आणि बऱ्याच जागांवर तर दुसरा मोठा पक्ष उमेदवारच देत नाही. तिथे ग्रीन किंवा समाजवादी नाव दिसलं तर आधी त्या माणसाचं काम बघा आणि पटलं तर बिनधास्त मत द्या.