मराठी साइटचं डिझाइन मराठी मजकुरातच कर

तुझा मेसेज वाचला. पतसंस्थेची साइट करायला मिळाली आणि तीही पूर्ण मराठीत, वाचून खूप बरं वाटलं. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं तुझं डिझाइन बघितलं, रंग छानच आहेत, पण सगळीकडे इंग्रजी मजकूर टाकून मांडणी केलीयस आणि मराठी नंतर भरायचा विचार दिसतोय. तसं नको करूस. लोरेम इप्सम, म्हणजे नुसती जागा भरायला टाकलेला तो निरर्थक मजकूर, आजच काढ आणि संस्थेच्या माहितीपत्रकातला खरा मजकूर घे. ‘लोन्स’ एवढ्या शब्दासाठी आखलेल्या बटणात ‘कर्जासाठी अर्ज करा’ मावत नाही, मग फॉन्ट बारीक होत जातो आणि ज्या ज्येष्ठ ठेवीदारांसाठी साइट करायची त्यांनाच ती वाचता येत नाही.

फॉन्ट निवडताना माझा टेस्टचा शब्द ‘शेतकऱ्यांसाठी’. त्यातला ऱ्य नीट आला पाहिजे, ‘शेतकर्यांसाठी’ असं दिसलं तर टायपिंग तरी चुकलंय नाहीतर फॉन्ट तरी. दुसरा शब्द ‘ॲप’, काही जुन्या फॉन्टमध्ये तिथे नुसता चौकोन येतो. गूगल फॉन्ट्सवर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ आहे, ७ वजनांत (म्हणजे बारीक ते जाड अशा ७ जाड्यांत), फुकट आणि ओपन लायसन्सचा, मजकुरासाठी मी तोच सुचवेन. जरा पुस्तकी वळण हवं असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ बघ, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. आणि एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये लँग ‘एमआर’ (lang="mr"), म्हणजे भाषा मराठी, असं लिहायचं विसरू नकोस, ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं वेगळी दिलेली असतात तिथे ती त्यामुळेच लागतात, आणि स्क्रीन रीडरलाही (दिसत नसलेल्यांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) कुठल्या भाषेचा आवाज लावायचा ते कळतं.

तुझ्या हेडिंगला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलंयस ते शून्य कर, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा सुटा दिसतो. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ च्या खाली नको, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. इटॅलिक पण टाळ, बहुतेक मराठी फॉन्टमध्ये ते नसतंच, ब्राउझर अक्षरं नुसती तिरकी करतो, त्यापेक्षा बोल्ड कर. ते एकेक अक्षर उमटणारं ॲनिमेशन ठेवायचंच असेल तर स्ट्रिंग (मजकूर) जावास्क्रिप्टच्या साध्या स्प्लिटने तोडू नकोस, काना-मात्रा अक्षरापासून वेगळ्या होतात. काना-मात्रा न तोडणारा जावास्क्रिप्टमधलाच इंटल सेगमेंटर (Intl.Segmenter) वापर, किंवा सरळ शब्दाशब्दाने ॲनिमेट कर, मला तर तेच जास्त बरं दिसतं.

फॉर्मचं जरा जास्त सांगते कारण तिथे माणसं अडकतात. मराठी कीबोर्डवरून कोणी खाते क्रमांक १२३४ असा टाकला तर जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधला, म्हणजे मजकूर तपासायच्या नमुन्यातला, बॅकस्लॅश-डी (\d) तो अंक म्हणून ओळखतच नाही, त्याला फक्त इंग्रजी अंक कळतात. मग ‘चुकीचा क्रमांक’ असा एरर येतो आणि समोरच्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. हे मला अजिबात चालत नाही. दोन्ही अंक घे आणि आत रूपांतर करून टाक. रक्कम दाखवायला जावास्क्रिप्टच्या इंटल नंबरफॉरमॅटमध्ये (Intl.NumberFormat) ‘एमआर-आयएन’ (mr-IN) दे, १२,३४,५६७ असं लाख-कोटींच्या स्वल्पविरामासकट देवनागरीत येतं.

संस्थेकडचा मजकूर बहुतेक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, कॉपी केला की भलतीच अक्षरं दिसतील. कन्व्हर्टरने युनिकोड करून घे, पण त्यानंतर ओळ न् ओळ वाचावी लागते, रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. हे काम कोटेशनमध्ये वेगळं लिही, फुकट करून देऊ नकोस. व्याजदराच्या पत्रकाचा फोटो चिकटवा म्हणतील तर समजावून सांग की फोटोतला मजकूर सर्चमध्ये नीट सापडत नाही, स्क्रीन रीडरला वाचता येत नाही आणि मोबाइलवर मोठा केला की फुटतो. साधं टेबल कर.

शिकायला एमडीएन (MDN) ही वेब तंत्राच्या माहितीची साइट आणि वेब डॉट डेव्हचा सीएसएसचा कोर्स, दोन्ही फुकट आहेत, व्हिडिओंच्या मागे लागण्याआधी ते कर. अक्षरं आणि मागचा रंग यांतला कॉन्ट्रास्ट वेबएमच्या (WebAIM) चेकरवर तपास, साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतो, तुझा तो फिकट राखाडी बहुतेक नापास होईल. आणि एनव्हीडीए हा फुकटचा स्क्रीन रीडर टाकून आपलं पान एकदा डोळे मिटून ऐक.

आधी व्याजदराचं पान आणि कर्जाचा फॉर्म एवढंच पूर्ण कर, होमपेज नंतर. झालं की लिंक पाठव, माझ्याकडे एक जुना स्वस्तातला अँड्रॉइड आहे, त्यावर उघडून बघते आणि कळवते.